पहिल्या रिमांडपासून शिकवा : नव्या लोकअभिरक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल खुले पत्र

प्रति,
माननीय सदस्य सचिव, गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरण, पर्वरी;
तसेच उत्तर व दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे माननीय अध्यक्ष व सचिव

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनंतर लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणारे लीगल एड डिफेन्स कौन्सेल, हे पूर्णवेळ काम झालं आहे. खाजगी वकिली बंद; अटकेपूर्वीच्या सल्ल्यापासून अपिलापर्यंत सगळं एकाच कार्यालयाने बघायचं. मुख्य लोकअभिरक्षकाकडे किमान १० वर्षांची फौजदारी वकिली आणि सत्र न्यायालयातले ३० खटले असावे लागतात. सहाय्यक मात्र तीन वर्षांपर्यंतच्या वकिलीवर येतो, आणि सोमवारी सकाळी रिमांडला, म्हणजे अटकेतल्या माणसाची कोठडी ठरवणाऱ्या सुनावणीला, तोच उभा असतो. हे पत्र त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी आहे.

घटनेचं कलम ३९-अ, हुसैनआरा खातूनचा निकाल, मोफत विधी सहाय्याचा इतिहास हे सगळं नवा वकील मिरामार किंवा मडगावच्या विधी महाविद्यालयातून शिकून आलेला असतो. कोठडीतल्या माणसाशी पहिल्या दहा मिनिटांत काय बोलायचं, साठावा दिवस नेमका कुठला, साक्षीदाराचा आधीचा जबाब त्याच्यापुढे कसा ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि यातली चूक नंतर सहसा दुरुस्त होत नाही, उच्च न्यायालयातही नाही. म्हणून आमची मागणी अशी की प्रशिक्षण पहिल्या रिमांडपासून सुरू करावं आणि फाइल ज्या क्रमाने पुढे सरकते त्याच क्रमाने न्यावं.

आरोपीशी पहिली भेट बहुधा न्यायालयाच्या व्हरांड्यात होते, शेजारी पोलीस उभा असतो. पोलिसाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतकं अंतर मागून घ्यायचं, हा पहिला धडा. मग आपलं नाव, आपण पोलीस नाही, सरकारी वकील नाही, पैसे लागणार नाहीत आणि इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, एवढं त्याच्या भाषेत सांगायचं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे हे वकिलाला ठाऊक असतं. समोरच्याला ते साध्या शब्दांत कळायला हवं. "तू केलंस का?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही. विचारायचं ते असं: पोलिसांनी तुला कुठून, किती वाजता नेलं? कोणी पाहिलं? मोबाइल कधी काढून घेतला? घरी कुणाला कळवलं? कशाकशावर सही किंवा अंगठा दिलास? कुठे मार बसलाय का? औषधं चालू आहेत का? वय किती, शाळा कुठली?

यातला प्रत्येक प्रश्न कायद्याच्या एखाद्या खिळ्याला टांगलेला आहे. अटक पंचनाम्यात "सायं. ७ वाजता" असतं आणि माणूस सकाळी १० पासून ठाण्यात बसलेला असतो. स्वातंत्र्यावर बंधन आलं तिथूनच अटक सुरू होते, कागदावरच्या वेळेपासून नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच म्हटलं आहे. २४ तासांचा हिशेब तिथूनच मांडायचा. शाळेचा प्रश्न वयासाठी. बांधकामावर येणाऱ्या कितीतरी पोरांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर पंचायत-पालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार या यादीतच नाही. अंगावरच्या मारासाठी पाठ, मांड्या, तळपाय यांची विचारणा करायची. कपड्यांनी झाकलेली जागा दंडाधिकाऱ्यांना खुर्चीवरून दिसत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणी झाली असेल तर किती वाजता झाली आणि तेव्हा खोलीत पोलीस होता का, हेही टिपायचं. उत्पन्नाचा दाखला मात्र मागत बसू नये. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट लागू नाही.

आता भाषेबद्दल, कारण गोव्यात बचावाचं अर्धं काम इथे आहे. एफआयआर इंग्रजीत, जबाब इंग्रजीत, अटकेचे कागद इंग्रजीत. आरोपी मात्र कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी किंवा ओडिया बोलणारा. सर्वोच्च न्यायालयाने मिहिर शहा खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी स्पष्ट केलं की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. तत्काळ देता आली नाहीत तर दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी. नव्या वकिलाला दोन कागद शेजारी ठेवून दाखवा: छापील मजकूर इंग्रजी, खालची सही कन्नड अक्षरांत. हा विरोधाभास पाच सेकंदांत दिसला पाहिजे. मजकुरात त्या माणसाविरुद्ध काय आहे ते लिहिलंय की "तपासासाठी आवश्यक" असं साच्यातलं वाक्य आहे, हे त्यानंतर बघायचं. आणि हरकत तोंडी घेऊन थांबायचं नाही. एका पानाचा अर्ज द्यायचा किंवा रोजनाम्यात नोंद करून घ्यायची. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी ती हरकत कुणी घेतलीच नव्हती, असं होतं.

पोलीस कोठडीचा हिशेबही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली १५ दिवसांची पोलीस कोठडी तुकड्या-तुकड्यांत मागता येते, आरोपपत्राला ६० दिवसांची मुदत असलेल्या प्रकरणात पहिल्या ४० दिवसांत आणि ९० च्या प्रकरणात पहिल्या ६० दिवसांत. म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की पोलीस कोठडी संपली, ही जुनी सवय आता धोक्याची. किती दिवस वापरले, किती उरले, हे फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवावं लागतं.

कव्हरवर दुसरी तारीख असते डिफॉल्ट जामिनाची, म्हणजे मुदतीत आरोपपत्र आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाची. इथे नवे वकील हमखास अडखळतात, कारण मोजणी अटकेपासून करतात. मोजायचं पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. २०२३ च्या कपिल वाधवान निकालाने हा वाद मिटला आहे. पहिली रिमांड १ मार्चला झाली असेल तर मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून साठावा दिवस २९ एप्रिल. त्या दिवशी आरोपपत्र आलं नाही तर हक्क ३० एप्रिलला सकाळी उभा राहतो. नव्वदीचं प्रकरण असेल तर ३० मे. अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाचं, म्हणजे १८० दिवसांचं असेल तर २८ ऑगस्ट. त्या सकाळी काउंटर उघडताच अर्ज दाखल करायचा आणि त्यावर वेळेसह शिक्का घ्यायचा. दुपारी आरोपपत्र आलं तरी आधी मागितलेला हक्क जात नाही, हे २०२० च्या रविंद्रन निकालात आहे. अर्ज टंकायला वेळ नसेल तर तोंडी मागणीही चालते, हे राकेश कुमार पॉल, २०१७. पण आरोपपत्र आधी आलं आणि मागणी नंतर झाली, तर हक्क संपला. १८० दिवसांपुढे मुदतवाढ मागताना सरकारी वकिलांचा स्वतंत्र अहवाल लागतो, तपास अधिकाऱ्याचं पत्र पुरत नाही. आणि त्या वेळी आरोपीला हजर करून कळवावं लागतं. प्रशिक्षणात प्रत्येकाकडून अशा दहा तारखा कॅलेंडर घेऊन हाताने काढून घ्याव्यात. फेब्रुवारी मधे येणाऱ्या दोन तरी हव्यात.

आरोपपत्राच्या प्रती मिळाल्या की आणखी दोन घड्याळं चालू होतात. दंडाधिकाऱ्यांकडच्या वॉरंट खटल्यात दोषमुक्तीचा अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत, सत्र खटल्यात केस वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत. याहून गुपचूप फसवणारं आहे ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३०: समोरच्याची कागदपत्रं मान्य की अमान्य, हे प्रती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सांगायचं, आणि तज्ज्ञाचा अहवाल वादग्रस्त नसेल तर तज्ज्ञाला साक्षीला बोलावलंच जात नाही. "मेडिकल मान्य" असं घाईत लिहून दिलं, तर जखमेचं वय, हत्याराचा प्रकार, पडून होऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारण्याची जागाच उरत नाही. हा शेरा फाइल पूर्ण वाचल्याशिवाय कुणीही लिहू नये.

फाइल वाचायची कशी, हे बसवून शिकवावं लागतं. आधी पानांना क्रमांक. मग तीन रकान्यांचा कागद: वेळ, काय घडलं, कोणत्या पानावर. एफआयआरची वेळ, घटनास्थळ पंचनाम्याची वेळ, अटक, झडती, रुग्णालय, मुद्देमाल ठाण्यात जमा झाल्याची वेळ, वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख. एकच पंच म्हापशात साडेचारला आणि पेडण्यात पाचला दिसला, तर ते या कागदावरच दिसतं, वाचून दिसत नाही. कलम १०५ खाली झडती व जप्तीचं चित्रीकरण करायला हवं. ते मागायचं, आणि तुकडा मिळाला असेल तर सुरुवात कुठून होते ते बघायचं. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष, जपावं असा परमवीर सिंग सैनी खटल्यातला २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अर्जात कॅमेरा, तारीख आणि दोन-तीन तासांची खिडकी नेमकी द्यावी. "सर्व फुटेज" मागितलं की अर्ज नामंजूर व्हायला निमित्त मिळतं. दुकानाच्या किंवा बारच्या कॅमेऱ्याचं तर बोलायलाच नको, काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं. ते हजर करायला लावणारा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ चा अर्ज पहिल्याच आठवड्यात हवा.

आता उलटतपास. यावर प्रशिक्षणाचे किमान चार पूर्ण दिवस जावेत असं आम्हाला वाटतं, कारण नव्या वकिलांचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो आणि तो निकालपत्रात एका ओळीत दिसतो: "विसंगती सिद्ध झालेली नाही".

समजा साक्षीदार न्यायालयात सांगतो की मारणाऱ्याला मी ओळखलं. पोलिसांपुढच्या जबाबात आहे की अंधार होता, तोंड दिसलं नाही. नवा वकील उत्साहाने विचारतो, "तुम्ही पोलिसांना वेगळं सांगितलं होतं ना?" साक्षीदार "नाही" म्हणतो, आणि वकील पुढच्या मुद्द्यावर जातो. हाती काहीच आलेलं नसतं. आधी आजचं वाक्य पक्कं करून घ्यायचं: "आज तुम्ही सांगता की तोंड दिसलं." मग जबाबातलं नेमकं वाक्य, जसंच्या तसं, वाचून दाखवायचं आणि असं सांगितलं होतं का ते विचारायचं. नाकारलं की न्यायालयाला त्या भागावर "अ" अशी खूण करायला सांगायचं. इथे काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं कदाचित वर्षभराने येतं, तपास अधिकारी पिंजऱ्यात आल्यावर: "हा जबाब तुम्ही नोंदवलात? खूण अ चा मजकूर साक्षीदाराने सांगितला म्हणूनच लिहिलात?" तो हो म्हणाला की विसंगती सिद्ध. हा प्रश्न राहिला तर आधीची मेहनत पाण्यात. म्हणून खूण झाली त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यासाठीच्या वेगळ्या कागदावर नोंद करायची. वर्षभराने केस दुसऱ्याच सहकाऱ्याकडे असू शकते.

वगळलेल्या गोष्टीची रीत वेगळी. जबाबात वाक्यच नाही, तर खूण कशावर करणार? तिथे साक्षीदाराला "हे पोलिसांना सांगितलं होतं का" आणि अधिकाऱ्याला "त्याने असं सांगितलं नव्हतं ना" एवढंच विचारायचं. प्रत्येक वगळ विसंगती होत नाही. महत्त्वाची असेल तरच, हे कलम १८१ च्या स्पष्टीकरणात आहे आणि १९५९ चा तहसीलदार सिंग निकाल त्यासाठी पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा.

गोव्यात यात आणखी एक पेच आहे. साक्षीदार ठाण्यात म्हणतो, "ताणें म्हाका धुकललो." इंग्रजी जबाबात येतं, ॲसॉल्टेड विथ फिस्ट ब्लोज. न्यायालयात तो पुन्हा कोकणीत बोलतो आणि टंकलेखकाला इंग्रजीत सांगितलं जातं. ढकललं आणि बुक्क्या मारल्या यांत न्याय संहितेतलं कलम बदलू शकतं. तेव्हा अधिकाऱ्याला विचारायचं की साक्षीदार कुठल्या भाषेत बोलला, भाषांतर कुणी केलं, वाचून कुठल्या भाषेत दाखवलं. पण हे दुधारी आहे. भाषांतर कच्चं होतं असं तुम्हीच सिद्ध केलंत, तर त्याच जबाबावर उभी केलेली तुमची विसंगतीही कोसळते. जबाब वापरायचा की पाडायचा, हे सरतपास सुरू होण्यापूर्वी ठरलेलं असावं. हा निर्णय नवशिक्याने एकट्याने घेऊ नये, उपमुख्य लोकअभिरक्षकांशी बसून घ्यावा. आणि न्यायालयात कोकणी उत्तराचं इंग्रजी चुकीचं जातंय असं वाटलं तर त्याच क्षणी उभं राहून मूळ कोकणी शब्द नोंदवून घेण्याची विनंती करायची. न्यायाधीश सहसा ती मान्य करतात.

अमली पदार्थांच्या केसेस किनारपट्टीवर भरपूर, म्हणून त्यांना दोन दिवस वेगळे द्यावेत आणि त्यात तराजू ठेवावा. एमडीएमएचं व्यापारी प्रमाण १० ग्रॅम, अल्प प्रमाण अर्धा ग्रॅम. कोकेन १०० ग्रॅम आणि २ ग्रॅम. चरस १ किलो आणि १०० ग्रॅम. गांजा २० किलो आणि १ किलो. एलएसडी तर ०.१ ग्रॅम. पंचनाम्यात १०.२ ग्रॅम लिहिलं असेल आणि ते झिपच्या पिशवीसकट असेल, तर पिशवीचं वजन वजा जाता अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३७ ची जामिनाची कडक अट लागू होते की नाही, एवढा प्रश्न त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर उभा असतो. एक रिकामी पिशवी तराजूवर ठेवून दाखवा, तो धडा कुणी विसरत नाही. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया येत नाहीत. तेव्हा २१ किलोंत देठ-पानं किती, हे विचारायचं. कलम ५० ची सूचना अंगझडतीला लागते, बॅगेला नाही; उगाच बॅगेच्या केसमध्ये त्यावर तासभर घालवू नये. नमुने कलम ५२-अ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे घेतले का, डिसेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन प्रतींत घेतले का, अफू-गांजा-चरसाचा नमुना २४ ग्रॅमचा आणि इतरांचा ५ ग्रॅमचा आहे का, सील कुणाच्या ताब्यात होतं, हे कागदांवरून बघायचं. कलम ६७ खाली अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, हे २०२० च्या तूफान सिंग निकालापासून ठरलेलं आहे, तरी तो आरोपपत्रात असतोच.

जामीन मंजूर झाला म्हणजे काम झालं, असं नव्या वकिलाला वाटू देऊ नका. परप्रांतीय मजुराला गोव्यातला जामीनदार कुठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये असं म्हटलं आहे. जामीन मिळून ७ दिवसांत सुटका नसेल तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे आणि महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन भरता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं गृहीत धरायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ पुरेसं आहे. म्हणून जामीन अर्जातच जातमुचलक्याची किंवा कलम ४९० खाली रोख ठेवीची पर्यायी मागणी घालावी, नंतर वेगळा अर्ज करत बसू नये. प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल तर कलम ४७९. मात्र त्याच्यावर एकाहून जास्त गुन्हे चालू असतील तर पोटकलम २ आडवं येतं.

कोलवाळच्या कारागृहात एक पूर्ण दिवस हवा. दक्षिण गोव्यातल्यांना, विशेषतः केपे-काणकोणच्या केसेस पाहणाऱ्यांना, तिथलं अंतर आणि भेटीची पद्धत आधीच कळलेली बरी. व्हिडिओवरची भेट तारीख सांगायला ठीक, पण तिकडच्या खोलीत कोण बसलंय हे दिसत नाही, त्यामुळे बचावाची चर्चा तिथे करू नये. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतला एखादा डॉक्टर अर्धा दिवस आला तर आरोपीची मनःस्थिती खटल्याला सामोरं जाण्याजोगी नाही, हे ओळखायचं कसं ते समजेल. कलम ३६७ आणि ३६८ तेव्हाच उपयोगी पडतात. शिक्षेवरचा युक्तिवाद, प्रोबेशन, प्ली बार्गेनिंग या विषयांना पहिल्या फेरीत एक दिवस पुरे.

एकूण २० कामाचे दिवस धरावेत, एका तुकडीत दहाहून जास्त नकोत. निकाली निघालेल्या बारा फाइली, नावं काळी करून, प्रत्येकाला संपूर्ण द्याव्यात. उतारे नकोत, कारण खऱ्या फाइलीत उपयोगाचं पान नेहमी भलत्याच ठिकाणी असतं. प्रत्येकाकडून दोन उलटतपास पूर्ण करून घ्यावेत. साक्षीदाराच्या भूमिकेत कोकणी बोलणारा माणूस बसवावा आणि नोंद इंग्रजीत घ्यावी, म्हणजे खऱ्या न्यायालयात होतं तेच तिथे होईल. त्या वीस दिवसांत स्वतंत्र खटला सोपवू नये; रिमांडला ज्येष्ठासोबत उभं करावं. त्यानंतरही जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणाऱ्या खटल्यांत १० वर्षांच्या अनुभवाचा वकील आणि तयारीला साधारण सात दिवस, ही २०१९ च्या अनोखीलाल निकालातली अपेक्षा कार्यालयाने पाळावी. "आज फाइल मिळाली, आज उलटतपास करा" असं झालं तर वेळ मागायचा कसा, त्या लेखी अर्जाचा नमुनाही प्रशिक्षणातच हातात द्यावा.

पावसाळ्याआधीच्या सुट्टीत न्यायालयं शांत असतात, तो काळ यासाठी सोयीचा. शिकवायला आमच्यापैकी प्रत्येक जण शनिवारी यायला तयार आहे, मानधन नको. बारा फाइलींची निवड आणि तारखा काढण्याचे सराव-प्रश्नही आम्ही करून देऊ. फक्त तराजू आणि खोली आपण द्यावी.

आपले,
गोव्यातील फौजदारी न्यायालयांत बचावाचं काम करणारे वकील